फोटोतून जलरंग: फिल्टरवर न थांबता थरांनी चित्र बांधण्याची पद्धत

फोटोशॉपच्या फिल्टर गॅलरीत ‘वॉटरकलर’ नावाचा फिल्टर आहे. एखाद्या फोटोवर तो लावून बघा. गडद भाग आणखी काळे होतात, उजळ भागांत चिकट ठिपके उमटतात आणि जे समोर येतं त्याला जलरंग म्हणायला जीभ रेटत नाही. मोबाइलवर एका टिचकीत चित्र करून देणाऱ्या अ‍ॅपचं काम यापेक्षा सफाईदार असतं, पण त्यातही काहीतरी खटकतं. फोटोच्या चारही कोपऱ्यांना सारखीच वागणूक मिळालेली असते. पानांची जाळी जितकी कोरलेली, तितकाच चेहराही.

जलरंगात चित्रकार काय रंगवतो याइतकंच तो काय सोडतो हेही महत्त्वाचं. पांढरा रंग तो सहसा वापरतच नाही, पांढरं म्हणजे कोरा कागद. शुद्ध काळा जवळजवळ नसतो. चित्राचा बराचसा भाग दोन-तीन सैल वॉशमध्ये, म्हणजे पाणीदार रंगाच्या पातळ थरांत, उरकलेला असतो आणि बारकावे एखाद्याच जागी असतात. फिल्टरला सोडता येत नाही, ते आपल्यालाच करावं लागतं. म्हणून इथली पद्धत अशी: फिल्टरकडून फक्त रंगाचं सामान तयार करून घ्यायचं आणि चित्र मास्कवर, म्हणजे थराचा कुठला भाग दिसेल ते ठरवणाऱ्या काळ्या-पांढऱ्या झाकणावर, ब्रशने रंगवायचं. क्रमही जलरंगकाराचाच ठेवायचा. आधी मोठे फिकट वॉश, मग मधले, शेवटी गडद आणि बारीक.

मेनूची नावं मी फोटोशॉपची देतो आहे. फोटोपी हा ब्राउझरमध्ये चालणारा एडिटर वापरत असाल तर मेनूची मांडणी बरीचशी ओळखीची वाटेल. गिम्प आणि क्रिटा या मोफत सॉफ्टवेअरसाठी पुढे वेगळं लिहिलं आहे.

रंग कागदावर कसा वागतो

नक्कल करायची तर अस्सल काय असतं ते ठाऊक हवं. जलरंग म्हणजे गम अरेबिकमध्ये घोटलेले रंगकण. पाण्यात ते सुटे होतात, पाणी उडून गेलं की कागदावर बसतात. थर इतका पातळ असतो की प्रकाश त्यातून आरपार जाऊन कागदावर आपटतो आणि परत येतो. ती चमक म्हणजे पारदर्शकपणा.

ओला डाग सुकताना कडेचं पाणी आधी उडतं. ती तूट भरायला मधलं पाणी कडेकडे सरकतं आणि जाताना रंगकण ओढून नेतं. म्हणून वॉशच्या कडेला बारीक गडद रेघ उमटते. अल्ट्रामरीनसारखे दाणेदार रंग कागदाच्या खळग्यांत साचतात, त्यामुळे सपाट वॉशही जवळून खरबरीत दिसतो. वॉश अर्धवट सुकलेला असताना त्यात जास्तीचं पाणी पडलं तर ते रंगकणांना ढकलत बाहेर पसरतं आणि फुलकोबीसारखा दातेरी फुलोरा तयार होतो. ओल्या कागदावर लावलेला रंग मऊ पसरतो, कोरड्यावर लावलेला स्वच्छ कडेने थांबतो.

हे सगळं गणिताने उभं करण्याचे प्रयत्न जुने आहेत. १९९७च्या सिग्राफ या संगणक-चित्रणाच्या परिषदेत कॅसिडी कर्टिस आणि सहकाऱ्यांनी एक पद्धत मांडली. कागदावर वाहणारं पाणी, कागदावर बसणारे रंगकण आणि कागदाने आत शोषलेलं पाणी असे तीन थर त्यात वेगवेगळे मोजले होते. आपल्याला तेवढं खोलात जायचं नाही. पण गडद कडा, दाणे, फुलोरा आणि कोरा कागद या चार खुणा डोक्यात ठेवा. पुढची प्रत्येक पायरी यांतल्या कुठल्यातरी खुणेसाठी आहे.

फोटो कोणता घ्यावा

निम्मं काम इथेच होतं. एका बाजूने पडलेला स्वच्छ प्रकाश, ठळक सावल्या, सहज ओळखू येणारे मोठे आकार असा फोटो हवा. ढगाळ हवेतला सपाट प्रकाश किंवा समोरून मारलेला फ्लॅश असेल तर वॉशला धरायला काही उरत नाही. फोटो काळा-पांढरा करून नखाएवढा लहान करा. तरीही विषय कळतोय? मग घ्या. नुसता करडा गोळा दिसत असेल तर दुसरा शोधा, पुढे कितीही फिल्टर लावले तरी तो सुधारणार नाही.

आकार लांब बाजूला ३००० पिक्सेलच्या आसपास ठेवा. खालचे सगळे आकडे त्याच मापाचे आहेत. फिल्टरची त्रिज्या पिक्सेलमध्ये मोजली जाते, त्यामुळे २८ पिक्सेलचा ब्लर १००० पिक्सेलच्या फोटोचा चिखल करतो आणि ८०००च्या फोटोवर जाणवतही नाही. तुमचा फोटो दुप्पट असेल तर आकडेही साधारण दुप्पट करा. एफोर कागदावर ३०० डीपीआयने छापायचं तर ३५०८ बाय २४८० पिक्सेल लागतात. छापायचं नक्की असेल तर काम त्याच मापात सुरू करा. शेवटी चित्र ताणलं तर कागदाचे दाणेही ताणले जातात.

फाइलची तयारी

इमेज मेनूतल्या मोडमध्ये आरजीबी आणि ८ बिट आहे ना ते पाहा. फिल्टर गॅलरी १६ बिटमध्ये चालत नाही, आणि ‘माझ्याकडे तो पर्याय करडाच का दिसतो’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

आता फोटोची साफसफाई. तारा, फलक, मागचे अर्धवट कापलेले लोक हीलिंग ब्रशने काढून टाका. नंतर फोटोचा लेअर (थर) स्मार्ट ऑब्जेक्टमध्ये बदला, म्हणजे मूळ फोटो आत सुरक्षित राहतो आणि फिल्टर वरून लागतात. त्यामुळे प्रत्येक फिल्टरचे आकडे पुढे कधीही बदलता येतात, आणि ते बदलावे लागतातच.

शॅडोज-हायलाइट्सने सावल्या थोड्या उघडा. त्यानंतर लेव्हल्समध्ये खालच्या आउटपुट पट्टीचा काळा टोकदार बाण ०वरून ४०वर आणा (० म्हणजे पूर्ण काळा, २५५ म्हणजे पूर्ण पांढरा). फोटो धुतल्यासारखा फिका दिसेल. दिसू द्या, पुढे थर एकावर एक चढले की गडदपणा परत येतो. हिरवा रंग कॅमेऱ्यात फार भडक येतो, तो ह्यू-सॅच्युरेशनमध्ये उतरवून किंचित पिवळ्याकडे न्या. सावल्यांना कलर बॅलन्सने जरासा निळा-जांभळा झुकाव द्या. सावलीत करड्याऐवजी रंग दिसणं ही जलरंगाची जुनी सवय आहे. हे सगळे बदलही स्मार्ट ऑब्जेक्टवरच, इमेज मेनूतल्या अ‍ॅडजस्टमेंट्समधून करा, म्हणजे पुढच्या प्रतींबरोबर ते आपोआप येतील.

तीन वॉश

सर्वांत खाली कागदासाठी एक सपाट भरलेला लेअर ठेवा. रंग किंचित उबदार पांढरा, म्हणजे लाल २५२, हिरवा २५०, निळा २४४ असा काहीसा. त्यावर स्मार्ट ऑब्जेक्टच्या कंट्रोल-जेने तीन प्रती करा आणि त्यांना मोठा, मधला, बारीक अशी नावं द्या. या तिन्हींचा गाभा एकच राहतो, पण फिल्टर वेगवेगळे लावता येतात. म्हणजे मागची एखादी तार काढायची राहिली असेल तर आत जाऊन एकदाच काढा, तिन्हीकडून जाते.

मोठा वॉश म्हणजे ओल्यावर ओला. नॉइज मेनूतला मीडियन २८ पिक्सेलला लावा आणि वर ६ पिक्सेलचा गॉशियन ब्लर. वस्तू ओळखू येऊ नयेत, फक्त रंगांचे तलाव दिसावेत.

मधला वॉश म्हणजे कोरड्यावर ओला, इथे कडा हवी. आधी सरफेस ब्लर: त्रिज्या २०, थ्रेशोल्ड २५. हा ब्लर पृष्ठभाग गुळगुळीत करतो पण जिथे रंग एकदम बदलतो तिथली कड राखतो. मग फिल्टर गॅलरीतला कटआउट: लेव्हल्स ७, एज सिम्प्लिसिटी ४, एज फिडेलिटी २. फोटोचे सपाट तुकडे होतील. कटआउट एकटा पाहिला तर अगदी स्वस्त दिसतो, पण मधल्या थरात तो नेमकं हवं ते काम करतो: किती छटा ठेवायच्या ते ठरवतो.

बारीक वॉशसाठी फिल्टर गॅलरीतलाच ड्राय ब्रश: ब्रश साइज २, डिटेल ९, टेक्श्चर १. फोटोचा फोटोपणा मोडेल आणि बारकावे राहतील.

तिन्ही लेअरचा ब्लेंड मोड मल्टिप्लाय आणि ओपॅसिटी ५५ टक्के करा. मल्टिप्लाय वरच्या आणि खालच्या लेअरच्या रंगांचा गुणाकार करतो. पांढऱ्याने गुणलं की काहीच बदलत नाही, बाकी कशानेही गुणलं की गडदच होतं. पारदर्शक रंगाचे थर चढवल्यावर साधारण असंच घडतं. हिशेब करून पाहिला तर मधला करडा, म्हणजे १२८, एका थराने पांढऱ्यावर १८५च्या जवळ उतरतो, दुसऱ्या थराने १३४वर येतो, तिसऱ्याने ९८वर. म्हणजे दोन थर जिथे आहेत तिथे मूळ फोटोच्या आसपासची छटा मिळते, तिसरा फक्त जोर द्यायच्या जागी. आणि काळा आधीच ४०वर उचललेला असल्याने तिन्ही थर चढूनही तो ३९च्या आसपास थांबतो. त्या पहिल्या धुतलेपणाचा फायदा इथे दिसतो.

कडा

फोटोतली कड सरळ आणि नेमकी असते, हाताची नसते. त्यासाठी डिस्प्लेस फिल्टर. आधी त्याच मापाची एक कोरी फाइल घ्या, अ‍ॅड नॉइज मोनोक्रोमॅटिक १०० टक्के, त्यावर १२ पिक्सेलचा गॉशियन ब्लर आणि मग ऑटो लेव्हल्स. ढगाळ करडे डाग तयार होतील. हा नकाशा पीएसडी म्हणून ठेवा. आता मधल्या आणि बारीक वॉशवर फिल्टर, डिस्टॉर्ट, डिस्प्लेस, दोन्ही स्केल ८, आणि फाइल मागितली की हा नकाशा द्या. मधला करडा पिक्सेल हलवत नाही, पांढरा-काळा विरुद्ध दिशांना ढकलतो. स्केल १००ला जास्तीत जास्त सरक १२८ पिक्सेलची असते, म्हणून ८ला ती दहाएक पिक्सेल होते. कड हलकेच थरथरते. १५च्या पुढे गेलात तर चित्र पाण्याखाली बुडाल्यासारखं दिसू लागतं. दोन्ही वॉशना नकाशा एकच द्या, नाहीतर कडा एकमेकींशी जुळणार नाहीत.

सुकताना उमटणारी गडद रेघ दोन जागी हवी. पहिली आपल्या ब्रशच्या फटकाऱ्याच्या कडेला. मधल्या वॉशवर लेअर स्टाइलमधला इनर ग्लो लावा: मोड मल्टिप्लाय, रंग गडद निळसर करडा, ओपॅसिटी ४०, सोर्स एज, साइज ६. आत्ता काहीच फरक पडणार नाही, पण लेअरला मास्क जोडून रंगवायला लागलात की हा परिणाम मास्कच्या कडेने धावतो. मऊ ब्रशने रंगवलेल्या जागी रेघ पुसट होते आणि टणक कडेला ठळक. खऱ्या रंगाचंही तसंच असतं. हा परिणाम दिसत नसेल तर ब्लेंडिंग ऑप्शन्समध्ये ‘लेअर मास्क हाइड्स इफेक्ट्स’ची खूण काढलेली आहे ना ते तपासा.

दुसरी रेघ चित्राच्या आतल्या आकारांच्या कडेला. मधल्या वॉशची आणखी एक प्रत काढा, तिचं ओपॅसिटी तात्पुरतं १०० आणि मोड नॉर्मल करून रास्टराइझ करा (म्हणजे साधा पिक्सेलचा लेअर करा), इनर ग्लो काढून टाका. स्टायलाइझमधला फाइंड एजेस लावा, रंग काढा आणि लेव्हल्समध्ये पांढरा बाण २००पर्यंत आत घ्या म्हणजे बारीकसारीक रेघा उडून जातील. १ पिक्सेल ब्लर, मोड मल्टिप्लाय, ओपॅसिटी २५. ही रेघ सगळीकडे सारखी राहिली तर चित्र कॉमिकसारखं होतं. तिला मास्क द्या आणि मोठ्या मऊ ब्रशने निम्म्याहून जास्त पुसून टाका. ती फक्त अधूनमधून दिसली पाहिजे.

मास्क रंगवणं

इथून पुढे घाई करू नका. तिन्ही वॉशना ऑल्ट दाबून मास्क जोडा, म्हणजे मास्क पूर्ण काळा येईल आणि पडद्यावर कोरा कागद उरेल. आता पांढऱ्या रंगाने मास्कवर रंगवत चित्र ‘उघडायचं’.

ब्रश ओबडधोबड कडेचा हवा. काइल वेबस्टर यांचे ब्रश २०१७ पासून अडोबीकडे आहेत आणि सभासदांना उतरवून घेता येतात, त्यांत जलरंगाचे भरपूर प्रकार आहेत. नसतील तरी साध्या गोल ब्रशला ब्रश सेटिंग्जमध्ये टेक्श्चर आणि वेट एजेस या दोन खुणा केल्या तरी चालतं. वेट एजेसने फटकाऱ्याचा मध्य विरळ आणि कड दाट होते. फ्लो ४० टक्के ठेवा. पेन टॅबलेट असेल तर दाबानुसार आकार बदलू द्या. माउस असेल तर लांब फटकारे टाळा, त्याऐवजी आकार आणि कोन बदलत ठसे मारा. माउसची लांब रेघ लगेच ओळखू येते.

मोठ्या वॉशपासून सुरुवात करा, ब्रश ६०० ते ८०० पिक्सेल. मधून बाहेर जा आणि कागदाच्या कडेपर्यंत पोहोचायच्या आधी थांबा. बाहेरची सीमा एका बाजूला जास्त आत, दुसऱ्या बाजूला कडेजवळ अशी वेडीवाकडी असू द्या. चारही बाजूंना सारखा पांढरा पट्टा सुटला तर ती चौकट वाटते. मुख्य म्हणजे सर्वांत उजळ जागा अजिबात उघडू नका: पाण्यावरची चमक, उन्हातली भिंत, केसांवरचा प्रकाश. फोटोत तिथे फिकट रंग असेल, तरीही. कोरा कागद दिसला नाही तर बाकीचा सगळा खटाटोप वाया जातो.

यासाठी एक युक्ती आहे, आणि माझ्या मते या लेखात एवढी एकच लक्षात राहिली तरी पुरे. खऱ्या जलरंगाच्या कागदावर कुठल्याही एका गडद रंगाचा मोठा मोकळा वॉश घाला. चित्र काढता येण्याची गरज नाही, नुसता डाग. कड फाटकी असू द्या, मध्ये काही जागा कोरड्या सोडा, अर्धवट सुकल्यावर, म्हणजे ओली चकाकी गेल्यावर, स्वच्छ पाण्याचे दोन थेंब टाका. पूर्ण सुकलं की ६०० डीपीआयला स्कॅन करा, करड्या छटांत बदला, इन्व्हर्ट करा, लेव्हल्सने कागद पूर्ण काळा आणि रंग उजळ करा. आता मोठ्या वॉशच्या मास्कवर ऑल्ट दाबून क्लिक केलं की मास्क स्वतंत्र दिसतो, तिथे हा स्कॅन चिकटवा. खरी कड, खरे दाणे, खरा फुलोरा, सगळं एका झटक्यात चित्रात येतं. कोणतंही फिल्टर हे इतकं चांगलं करत नाही. असे आठ-दहा डाग एकदा स्कॅन करून ठेवले की फिरवून, उलटवून कितीही चित्रांना पुरतात, आणि आपलेच असल्याने परवान्याची काळजी नाही.

मधला वॉश उघडताना ब्रश २०० ते ३०० पिक्सेलवर आणा आणि डोळे बारीक करून फोटोतल्या सावल्या पाहा. झाडाची सावली, भिंतीची सावली, माणसाच्या कपड्याची गडद बाजू या तीन गोष्टी असल्या तरी छटा एकच असेल तर तो एकच आकार समजा आणि एका ओघात उघडा. वस्तूंच्या सीमा सावलीत हरवू द्या. नवशिक्याच्या चित्रात प्रत्येक वस्तू आपापल्या कडेत कोंडलेली असते, मुरलेल्या हाताच्या चित्रात सावली वस्तूंवरून वाहत जाते. शेजारी लागलेल्या दोन उजळ आकारांच्या मध्ये मात्र केसाएवढी पांढरी फट अधूनमधून ठेवा. ओले रंग एकमेकांत जाऊ नयेत म्हणून जलरंगकार ती ठेवतात आणि बघणाऱ्याच्या डोळ्याला ती ओळखीची असते.

बारीक वॉश अगदी हात आखडून. नजर जिथे थांबायला हवी ती एकच जागा निवडा आणि ५० ते ८० पिक्सेलच्या ब्रशने तेवढीच उघडा. चित्राचा दहावा भागही होऊ देऊ नका. व्यक्तिचित्र असेल तर डोळे, नाकपुडीची सावली आणि ओठांमधली रेघ एवढं पुरतं. गालावर बारीक वॉश गेला की ड्राय ब्रशच्या ठिपक्यांमुळे त्वचेला पुरळ आल्यासारखं दिसतं. इथे थांबायचं कधी हे कुठल्याही आकड्यात सांगता येत नाही. थोडं अपुरं वाटत असतानाच थांबलेलं बरं.

कागद आणि दाणे

कोल्ड प्रेस, म्हणजे मध्यम खरबरीत कागदाचा पोत वापरा. हॉट प्रेस गुळगुळीत असतो, पडद्यावर त्याचा पोत जवळजवळ दिसत नाही. कोरा कागद स्कॅन केला तर स्कॅनरचा प्रकाश पोत सपाट करतो, त्यापेक्षा खिडकीशी तिरप्या उजेडात ठेवून वरून फोटो काढा, उंचवटे छान उठतात. फोटोचा रंग काढा, मोठ्या त्रिज्येचा हाय पास लावून एका बाजूचा उजेड-अंधार समान करा, लेव्हल्सने बराच उजळ करा आणि सर्वांत वर मल्टिप्लायने ३० ते ४० टक्क्यांवर ठेवा. टेक्श्चरायझर फिल्टरमधला तयार कॅनव्हास घेऊ नका, तो विणलेल्या कापडाचा पोत आहे.

एवढ्याने पोत चित्रावर चिकटवलेला दिसतो, कारण रंग त्या खळग्यांत बसलेला नसतो. तो बसवायचा तर मधल्या वॉशची प्रत काढा, तिचा मास्क तसाच ठेवा आणि ओपॅसिटी २० करा. मग लेअर एका ग्रुपमध्ये टाकून ग्रुपला दुसरा मास्क द्या आणि त्यात कागदाचा तोच फोटो इन्व्हर्ट करून, कॉन्ट्रास्ट वाढवून चिकटवा. कागदाच्या गडद खळग्यांत रंग जास्त उतरेल, उंचवट्यांवर कमी. वरचा पोत आणि हा मास्क पिक्सेलला पिक्सेल जुळायला हवा. निळ्या आणि तपकिरी भागांत हे दाणे शोभतात, पिवळ्या आणि गुलाबी भागांतून ते ब्रशने पुसून टाका.

शिंतोडे आणि पेन्सिल

शिंतोडे थोडे आणि एकाच दिशेने उडालेले हवेत. त्यांचा रंग चित्रातूनच उचला, लेअर मल्टिप्लाय. सगळीकडे टाकले की सजावट होते.

पेन्सिलची रेघ हवी असेल तर मूळ फोटोची प्रत रास्टराइझ करून रंग काढा. तिची पुन्हा प्रत काढून इन्व्हर्ट करा, मोड कलर डॉज, आणि ४ ते ६ पिक्सेलचा गॉशियन ब्लर द्या. पांढऱ्यावर रेघा उमटतील. दोन्ही लेअर एकत्र करून सगळ्या वॉशच्या वर मल्टिप्लायने ३५ टक्क्यांवर ठेवा. मग मूव्ह टूलने ही रेघ तीन-चार पिक्सेल बाजूला सरकवा. रंग रेघेबाहेर गेलेला दिसला की हाताचं काम वाटू लागतं. जिथे बारीक वॉश उघडला आहे तिथे रेघ कमी करा, आणि जिथे चित्र कोऱ्या कागदात विरत जातं तिथे ती ठेवा. अर्धवट रंगवलेल्या स्केचचा भास तिथूनच येतो.

रंग मिसळताना मल्टिप्लायची मर्यादा

वर नवा रंग चढवायचा मोह होतो, तेव्हा एक गणित लक्षात ठेवा. शुद्ध पिवळा २५५, २५५, ० आणि शुद्ध निळा ०, ०, २५५ यांचा गुणाकार सरळ काळा येतो. खऱ्या रंगपेटीत मात्र हिरवा मिळतो. रंगकण प्रकाश कसा शोषतात आणि विखुरतात याचा हिशेब कुबेल्का आणि मुंक यांनी १९३१ साली मांडला, आणि कर्टिस यांच्या पद्धतीतही थर तसेच मिसळले होते. फोटोशॉपचा मल्टिप्लाय तितका हुशार नाही. उपाय सोपा आहे, शुद्ध रंग वापरूच नका. ७०, १३०, १८० असा मळका निळा २५०, २२०, ९० अशा पिवळ्यावर चढवला तर ६९, ११२, ६४ च्या जवळचा शांत हिरवा मिळतो.

सगळ्यांत वर एक ग्रेडियंट मॅप ठेवा: गडद बाजूला निळसर जांभळा, उजळ बाजूला फिकट पिवळसर, मोड सॉफ्ट लाइट, १५ टक्के. वेगवेगळ्या थरांतले रंग एका पेटीतून आल्यासारखे वाटू लागतात.

गिम्प आणि क्रिटामध्ये

गिम्पमध्ये मोठ्या वॉशसाठी मीडियन ब्लर, मधल्यासाठी सिलेक्टिव्ह गॉशियन ब्लर आहे. डिस्प्लेस मॅप मेनूत मिळतो आणि नकाशा वेगळ्या फाइलऐवजी त्याच चित्रातल्या लेअरमधून घेता येतो. रेघांसाठी डिफरन्स ऑफ गॉशियन्स फाइंड एजेसपेक्षा मला जास्त आवडतो, त्याची रेघ मुळातच तुटक येते. गिम्प ३.० २०२५मध्ये आलं, त्यापासून फिल्टर लेअरवर राहतात आणि नंतर बदलता येतात. २.१०मध्ये तसं नाही, तिथे प्रत्येक पायरीआधी लेअरची प्रत काढून ठेवा. फोटोशॉपच्या ब्रशच्या एबीआर फाइली गिम्प उघडतं.

जी’मिक हा मोफत प्लगइन जरूर घ्या. त्यात कुवाहारा फिल्टर आहे. प्रत्येक पिक्सेलभोवतीच्या चार चौकटी तपासायच्या आणि ज्या चौकटीत रंग सर्वांत कमी बदलतात तिची सरासरी घ्यायची, असं त्याचं काम. १९७६ साली तो वैद्यकीय प्रतिमांसाठी सुचवला गेला होता. कड टिकवून आतला भाग सपाट करण्यात तो सरफेस ब्लरपेक्षा सरस आहे, आणि मधल्या वॉशसाठी मी कटआउटऐवजी तोच सुचवेन.

क्रिटाचा जोर रंगवण्यावर आहे. फिल्टरची कामं गिम्पमध्ये उरकून मास्क क्रिटात रंगवले तर दोन्हींचा फायदा मिळतो, त्याच्यासोबत येणारे जलरंगाचे ब्रश चांगले आहेत. पाणी प्रत्यक्ष वाहताना पाहायचं असेल तर रिबेल, कोरल पेंटर किंवा अडोबी फ्रेस्को अशी सॉफ्टवेअर आहेत, पण फोटोवरून चित्र बनवण्यापेक्षा कोऱ्या पानापासून रंगवणाऱ्यांसाठी ती जास्त उपयोगी.

जतन आणि छपाई

चित्र शंभर टक्के मोठं करून आणि नखाएवढं लहान करून असं दोन्हीकडून तपासा. मोठं करून पाहताना एखाद्या कोपऱ्यात निव्वळ फोटो डोकावतोय का ते शोधा. लहान करून पाहताना नजर ठरवलेल्या जागी जाते का ते बघा. हिस्टोग्रामची, म्हणजे छटांच्या आलेखाची, डावी (गडद) बाजू ३०च्या आसपास संपलेली असावी. शार्पन लावू नका, लावायचंच असेल तर फक्त कागदाच्या पोतावर.

वेबसाठी एसआरजीबीमध्ये बदलून जेपेग करा, पण दर्जा फार उतरवू नका. दाणे आणि पोत असलेल्या चित्रात जेपेगचा दाब (कॉम्प्रेशन) वाढला की फिकट वॉशमध्ये चौकोन दिसायला लागतात. छपाईसाठी टिफ ठेवा आणि चमकदार फोटोपेपर टाळून मॅट कागद मागा. चित्र खऱ्या जलरंगाच्या किंवा तत्सम खरबरीत कागदावर छापणार असाल तर त्याआधी वरचा पोताचा लेअर आणि तळाचा उबदार पांढरा, दोन्ही बंद करा. नाहीतर खऱ्या पोतावर छापील पोत बसतो आणि कोरा राहायला हवा तिथे फिकट पिवळट शाई पडते. दाण्यांचा ग्रुप मात्र चालू राहू द्या.